‘नाही’चा रकाना

कॉलेजात परंपरा फार लवकर म्हातारी होते. तिथली एक पिढी चारच वर्षांची असते. फर्स्ट इयरला आलेल्या पोराला जे दिसतं, ते त्याच्यासाठी ‘पहिल्यापासूनचं’. तो फायनलला पोचेपर्यंत ते सुरू करणारे सगळे नोकरीला लागलेले असतात आणि ‘हे आपण का करतो’ याचं उत्तर द्यायला कुणी उरलेलं नसतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच चालतं. जुन्या कोडमधल्या एखाद्या ओळीला कुणी हात लावत नाही, कारण ती लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलाय.

2015 साली मी धर्मापुरीहून पुण्याला इंजिनिअरिंगसाठी आलो आणि कॉलेजच्या ढोल-ताशा पथकात नाव दिलं. अमेरिकेतल्या कॉलेजांचे मार्चिंग बँड सिनेमात पाहिले असतील, तसंच आमचं हे पथक. गणपतीच्या आधी दीडेक महिना सराव सुरू व्हायचा. नियम सीनियरांना तोंडपाठ होते. पहिल्या वर्षी ढोल मिळणार नाही. ढोल ताणायचे, उचलायचे, टेम्पोत भरायचे. वाद्यापाशी चप्पल घालून यायचं नाही. मुली ध्वज आणि झांज घेतील. आणि सीनियरनं बोलावलं की यायचं, कारणं सांगायची नाहीत. या सगळ्याला मिळून ‘परंपरा’ म्हणायचे. पुढे जुने फोटो चाळताना कळलं, की अख्खं पथकच सात-आठ वर्षांचं होतं.

माझ्या चार वर्षांत ही परंपरा भराभर बदलली. ढोलाची चामड्याची पानं गेली, फायबरची आली. भाद्रपदातल्या पावसात चामडं भिजून सैल पडतं, आवाज बसतो. फायबरला काही होत नाही. दुसऱ्या वर्षी एका मुलीनं ताशा मागितला. बरीच कुजबुज झाली. तिसऱ्या वर्षी ताशाची बाजू तीच सांभाळत होती. नवे ठेके यूट्यूबवरून यायला लागले. वरून व्हिडिओ चांगला यावा म्हणून रांगांचे गोल झाले. दरवेळी कुणीतरी ‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ म्हणायचं, आणि पुढच्या फर्स्ट इयरला तेच पहिल्यापासूनचं वाटायचं.

खरं तर पुण्याचं पथकही असंच घडत आलंय. ढोल-ताशा मुळशी-मावळकडच्या गावांतला. शहराच्या मिरवणुकीत तिकडची मंडळी येऊन वाजवायची. 1962 साली आप्पा पेंडसेंनी सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीनं सत्तरच्या दशकात शहरातल्या विद्यार्थ्यांच्या हातात ढोल दिला, मुलींच्याही. मग रमणबागेसारख्या शाळांची पथकं आली, माजी विद्यार्थ्यांची आली, आयटीवाल्यांची आली. 2014 मध्ये तर नट-नट्यांचं ‘कलावंत’ पथक निघालं. मुलींच्या बाबतीत पुणं काही मागे नव्हतं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या नावाजलेल्या मार्चिंग बँडमध्ये 1973 पर्यंत मुलींना जागा नव्हती.

म्हणजे कोण वाजवणार, काय वाजवणार, कशावर वाजवणार, यावर सगळीकडे भांडणं झाली आणि गोष्टी बदलल्या. एक प्रश्न मात्र मी पथकात कधी ऐकला नव्हता. तो मला अण्णांनी, माझ्या वडिलांनी, फोनवर विचारला. तो त्यांनाच का सुचला, हे सांगायचं तर आबांबद्दल सांगायला हवं.

आबा म्हणजे माझे आजोबा. आम्ही मातंग. आबा हलगी वाजवायचे. त्यांचं गाव वेगळं, छोटं. त्याचं नाव सांगून काही साधत नाही, कारण ही रीत एका गावाची नव्हती. पोळ्याला बैलांपुढे हलगी, जत्रेला हलगी, लग्नात, वरातीत, मयतीपुढे हलगी. दवंडी द्यायची तरी हलगी. बदल्यात सुगीला धान्य, सणाला वाढलेलं अन्न, कधी जुनं धोतर. हलगी वाजवण्याआधी ती शेकावी लागते. काड्या-पाचटाचा जाळ करून त्यावर कातडं तापवायचं, ते ताणलं की आवाज खणखणीत निघतो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताच्या बोटांत बारीक काडी. आबांचा हात फार गोड होता असं अजूनही म्हातारी माणसं सांगतात. त्यांना बोलवायला मात्र कुणाचंही शेंबडं पोरगं यायचं आणि दारातूनच ओरडायचं, ‘ए, चल रे, बोलावलंय.’ आबा तेव्हा पन्नाशीचे होते.

जायचं की नाही असा सवालच नव्हता. ताप असो, घरात पाहुणे असोत, जायचं. आबांना सुट्टी एकच मिळायची, ती पावसाची. धो धो पाऊस लागला की जाळ पेटत नाही, कातडं ताणत नाही, हलगी बोलत नाही. ‘वाद्यच बसलंय मालक,’ एवढं एक वाक्य त्यांना चालायचं. आपल्या तोंडानं नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीनं कातडं नाही म्हणायचं.

1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं, त्यांचं मांस खाणं सोडायला सांगितलं. 1956 च्या धर्मांतरानंतर कितीतरी महार वस्त्यांनी गावकीची कामं टाकली आणि त्याची किंमतही मोजली. आमच्या घरात ते वळण उशिरा आलं. अण्णा शिकले, नोकरीला लागले आणि पहिलं काम काय केलं, तर गाव सोडलं. धर्मापुरी त्यांनी तेवढ्यासाठी निवडली. गाव मोठं, बाजारपेठेचं. केदारेश्वराचं चालुक्यकाळातलं देऊळ बघायला बाहेरची माणसं येतात, भुईकोट किल्ला आहे, शाळा आहे. आणि मुख्य म्हणजे तिथे ‘चल रे’ म्हणत दारात येणारं कुणी नव्हतं. आबांची हलगी अण्णांनी सोबत आणली नाही. मी शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीसाठी मला बँडमध्ये घेतलं होतं. गुरुजींनी साईड ड्रम गळ्यात घातला. अण्णांनी शाळेत येऊन सांगितलं, ‘लेझीम द्या, खुळखुळा द्या, ड्रम नको.’ मी खुळखुळा वाजवला. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणून सेकंड इयरला ढोल मिळाल्याचं मी घरी दोन आठवडे सांगितलं नाही. शेवटी फोनवर सांगितलं. अण्णा गप्प. मग म्हणाले,

‘पैसे देतेत का?’

‘नाही. आपणच वर्गणी भरायची. कुर्ता, फेटा आपल्या पैशांनी.’

पलीकडून चक्क हसू आलं. ‘म्हंजी आपण पैसे भरून वाजवायचं?’

मी सांगितलं, की मंडळं पथकाला सुपारी देतात. त्यातून वाद्यांचा खर्च निघतो, उरलेले पैसे सामाजिक कामाला जातात. सुपारी घ्यायची की नाही ते पथक ठरवतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

‘आन् तुला न्हाई म्हणता येतं का?’

मी म्हटलं, येतं की. फोन ठेवला आणि लक्षात आलं, की येत नाही. पथकाला येतं, मला येत नाही. सीनियरनं रात्री अकराला फोन केला तर हॉस्टेलवरून उठून जावं लागायचं, ढोल ताणायला. दुसऱ्या दिवशी पेपर असला तरी. बोटांना फोड आले तर ते कौतुकानं मोजले जायचे. जो येत नाही त्याच्याशी आठवडाभर कुणी बोलायचं नाही. या सक्तीत जात नव्हती, भूक नव्हती. आबांच्या आणि माझ्या वाजवण्याची बरोबरी मी करणार नाही. मी पथक सोडलं असतं तर माझी भाकरी तुटणार नव्हती. तरी अण्णांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

थर्ड इयरला मी नियोजनाच्या टीममध्ये आलो. कोण कधी येणार याची नोंद तेव्हा व्हॉट्सॲपवर व्हायची, सगळ्यांच्या देखत. मी एक गूगल शीट बनवली. नाव, वाद्य, तारीख आणि दोन रकाने : ‘येणार’, ‘नाही’. कुणीतरी म्हणालं, तिसरा रकाना टाक, ‘कारण’. मी म्हटलं, तो नको. त्या एका रकान्यावरून तीन तास मीटिंग चालली. ‘उद्या सगळेच नाही लिहितील, पथक चालणार कसं?’ ‘आम्ही नाही का केलं?’ ‘यायचं नसेल त्यानं पथक सोडावं.’ मी आबांची गोष्ट तिथे काढली नाही. एवढंच म्हटलं, की एक महिना करून बघू.

पहिल्या आठवड्यात सरावाला निम्मेच आले. सीनियर माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेनं बघायचे. मग लोक हळूहळू परत येऊ लागले, आणि जे आले ते पाच मिनिटं आधी येऊ लागले. विसर्जनाच्या दिवशी शीटमध्ये तीन ‘नाही’ होते. त्या तिघांना कुणी फोन केला नाही. मला त्या मिरवणुकीतलं हेच सगळ्यात जास्त आठवतं.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही, हे नोकरीला लागल्यावर कळलं. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा ‘मार्चिंग 100’ हा कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांमधला अतिशय मानाचा बँड. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा एक ड्रम मेजर बँडच्याच बसमध्ये, बँडच्याच पोरांच्या मारहाणीत गेला. मार खाणं ही तिथली ‘परंपरा’ होती. त्यानंतर बँड 2013 पर्यंत बंद ठेवावा लागला. ज्या समाजानं ताठ मानेनं वाजवायची जागा इतक्या कष्टानं मिळवली, त्याच्याच बँडमध्ये आत नकाराला जागा नव्हती, हे वाचून मी सुन्न झालो होतो.

दुसरी गोष्ट ऑस्टिनची. 2020 मध्ये घरून काम सुरू असताना तिथल्या एका सहकाऱ्यानं ती सांगितली, मग मी वाचत गेलो. टेक्सस विद्यापीठाचं ‘द आइज ऑफ टेक्सस’ हे गाणं तिथला बँड प्रत्येक सामन्याला वाजवतो. ते पहिल्यांदा 1903 साली सादर झालं, ते गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या एका कार्यक्रमात. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर बँडमधल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, आम्ही हे वाजवणार नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये एका सामन्याला पुरेसे तयार वादकच नव्हते, म्हणून बँड वाजला नाही. गाणं विद्यापीठानं ठेवलंच. पण 2021 मध्ये, ज्यांना ते वाजवायचं नाही त्यांच्यासाठी वेगळा बँड काढायचं जाहीर केलं. आपल्याकडे असंच म्हणतात : नको असेल तर वेगळं बसा. तरी तिथे मोजणी झाली, किती जण नाही म्हणतात याची. मला त्या मोजणीचंच अप्रूप वाटलं.

2024 च्या गणपतीत पुण्यात वेगळीच मोजणी चालली होती. राष्ट्रीय हरित लवादानं 30 ऑगस्टला एका पथकात तीसच जण असावेत असं ठरवलं आणि 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ती अट स्थगित केली. आमच्या जुन्या ग्रुपवर दोन आठवडे युद्ध पेटलं होतं. परंपरा, आवाज, आजारी माणसं, पुण्याची शान. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. कानठळ्या बसलेल्या म्हाताऱ्याचा नकारही कुठेतरी नोंदवला गेला पाहिजे, असं मला वाटतं. त्याच ग्रुपवर सध्याच्या पथकातला एक पोरगा सहज लिहून गेला, की आमच्यात पहिल्यापासून ‘नाही’चा रकाना आहे, त्यामुळे सक्ती वगैरे नसते. पहिल्यापासून! मी काही बोललो नाही.

आता हलगीचं. ती संपली नाही. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते, त्यात संबळाशेजारी हलगी कडाडते आणि पोरं शिट्ट्या मारतात. एक ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, आमची पोरं डीजेपुढे हलगी काढतात, आपल्या मर्जीनं. माझ्या आत्याचा मुलगा लातूरला कॉलेजात आहे, तो वाजवतो. आबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्याकडून शिकला. अण्णांना आधी हे पटलं नव्हतं. ‘ज्यातून बाहेर काढलं त्यातच परत?’ त्यावर तो एवढंच म्हणाला, ‘मामा, मी दर लावतो.’

गेल्या वर्षी आबांच्या गावातून त्याला फोन आला. तिथल्या एका मोठ्या घराचं दुकान सुरू होणार होतं, उद्घाटनाला हलगी हवी होती. त्यानं दर सांगितला, गाडीभाडं वेगळं सांगितलं, आणि म्हणाला, त्या तारखेला माझा पेपर आहे, जमणार नाही. पलीकडचा माणूस जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘बरं, मग पेपर कधी संपतेत तुमचे?’

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. दर किती, उद्घाटन पुढे ढकललं का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. दोनदा विचारलं ते एवढंच :

‘तुमचे म्हणला?’