मार कधी लागला होता?

“डॉक्टर, हे मारामुळेच झालं ना?” रुग्णाचा मुलगा विचारतो, जबाब घ्यायला आलेले हवालदार विचारतात, पुढे अपघात-भरपाईच्या दाव्यात वकीलही विचारतात. सगळ्यांना हो किंवा नाही हवं असतं. जुन्या सबड्युरल रक्तस्रावात, म्हणजे मेंदूवरच्या ‘ड्युरा’ या आवरणाखाली आठवडेच्या आठवडे साठत गेलेल्या रक्तात, एवढं छोटं उत्तर क्वचितच खरं असतं.

वयाबरोबर मेंदू आक्रसतो आणि त्याच्याकडून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात पाय घसरला, चौकटीला डोकं लागलं, एवढ्यानेही एखादी शीर फुटते. रक्त थोडंच येतं, दुखणं दोन दिवसांत विसरलं जातं. पण आठवड्याभरात त्या रक्ताभोवती ड्युराच्या बाजूने पापुद्रा धरू लागतो. त्यातल्या नव्या, कच्च्या केशवाहिन्या झिरपत राहतात आणि आतलं रक्त नीट गोठत नाही. पुन्हा मार न लागताही साठा वाढतो. मग पाय ओढला जातो, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

विकृतिशास्त्रज्ञ फिरखो यांनी १८५७ मध्ये या रोगाचं मूळ आवरणाच्या दाहात पाहिलं. शल्यचिकित्सक ट्रॉटर यांनी १९१४ मध्ये ते इजेत दाखवलं. मला दोघेही पटतात: सुरुवातीपुरते ट्रॉटर, वाढीपुरते फिरखो.

“डोक्याला मार लागला होता का?” असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात. म्हणून मी सुनेला, शेजाऱ्यांना विचारतो: दिवाळीच्या सुमारास कुठे पडले होते का? एसटीत धक्का बसला होता का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दारू, डायलिसिस, नुकतंच पाठीत दिलेलं भुलीचं इंजेक्शन, हेही विचारावं लागतं. कधीकधी मार सापडतच नाही आणि कारण इथे असतं.

खरी कसोटी मारहाणीच्या केसमध्ये लागते. भांडण चार दिवसांपूर्वीचं. ड्युरा उघडल्यावर मात्र मशीन ऑइलसारखं काळपट पाणी येतं आणि पापुद्रा जाड, चिवट असतो. तो चार दिवसांत तयार होत नाही. सीटीमध्ये काळ्या साठ्यात ताज्या रक्ताची पांढरी रेघ दिसली, तरी ती नव्या फटक्याचीच असेल असं नाही. जुना पापुद्रा आपणहून वाहतो. त्या भांडणाने रक्तस्राव सुरू झाला नाही, एवढं मी ठामपणे लिहितो. त्याने तो वाढला का, यावर ‘शक्य आहे, सिद्ध करता येत नाही’ असंच लिहितो. एका माणसाची शिक्षा या वाक्यावर टांगलेली असते, म्हणून एक शब्दही जास्त लिहीत नाही.

याच्या उलट, अपघाताच्या दिवशीचा सीटी स्वच्छ होता म्हणून दावा फेटाळणं मला मान्य नाही. तेव्हा न दिसलेली गळती दीड महिन्याने डोकं वर काढू शकते. ‘ॲस्पिरिन चालू होतं’ हे कारण तर मला अन्यायाचं वाटतं. गोळीने रक्त जास्त वाहिलं असेल. आजोबांना रस्त्यावर पाडलं ते मोटरसायकलने. अहवालात मी गोळी लिहितो, पण मोटरसायकलच्या आधी नाही.