सातबाऱ्याच्या पलीकडची मालकी

सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन आपली झाली, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे. कायदा मात्र तसे म्हणत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्याचे मूळ सारावसुलीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरायची, एवढेच. खरेदीखताचेही तेच. नोंदणी अधिनियम, 1908 खाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याचा हक्क निर्वेध आहे की नाही, याचा निवाडा तो करत नाही. म्हणून जमीन घेणारा वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. तरीही वारसनोंदीत नाव न लावलेली एखादी बहीण पुढे वाटपाचा दावा लावू शकते, आणि तिचे म्हणणे बहुधा खरे असते.

यावरचा उपाय म्हणजे दस्ताऐवजी हक्कच नोंदवणे. ही हक्कनोंदणीची पद्धत 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरन्स यांच्या पुढाकाराने कायद्यात आली. तिच्यात नोंदवही हाच मालकीचा आधार असतो. या पद्धतीची तत्त्वे तीन. नोंदवही जमिनीवरील हक्क व बोजे आरशासारखे दाखवते. मागचे दस्त उकरण्याची गरज उरत नाही. आणि नोंदीतल्या चुकीने कोणाचे नुकसान झाले, तर शासन भरपाई देते. या तिसऱ्या तत्त्वाशिवाय पहिली दोन धोक्याची आहेत, कारण चुकीची नोंदही तितकीच पक्की होते.

भारतात हा विचार गंभीरपणे मांडला तो पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी, नियोजन आयोगासाठी केलेल्या 1989 च्या अहवालात. 2008 पासूनच्या केंद्रीय भूमी अभिलेख कार्यक्रमाने हेच उद्दिष्ट ठेवले. संगणकीकरण झाले, सातबारा मोबाइलवर आला. त्याचे कायदेशीर वजन मात्र वाढले नाही. खरे काम शिवारात आहे: पोटहिस्स्यांची मोजणी, मयत खातेदारांच्या वारसनोंदी, नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ. हे न करता हक्काची हमी देणे म्हणजे जुन्या चुकांवर शिक्कामोर्तब करणे होय.

आंध्र प्रदेशाने 2022 मध्ये अशी हमी देणारा कायदा केला. हक्काचे वाद दिवाणी न्यायालयांकडून काढून अधिकाऱ्यांकडे दिल्यामुळे वकिलांनी त्याला तीव्र विरोध केला, आणि सत्तांतरानंतर 2024 मध्ये तो रद्द झाला. न्यायालयाचे दार बंद करण्यातच त्याची मोठी चूक होती.

नीती आयोगाच्या याच विषयावरील नमुना कायद्यात नोंदवही अधिसूचित झाल्यावर तीन वर्षांनी नोंदी निर्णायक ठरतात. मुदत पुरेशी आहे. प्रश्न सूचनेचा आहे. आज फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. कायमचा हक्क ठरवताना ती नोटीस लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीच्या हाती पडली, याची लेखी पोच दप्तरी असलीच पाहिजे.