पाण्याची बाटली आणि लंडनची पाणपोई

कुंभार पिंपळगावला परत येऊन आता बरेच महिने झाले. तरी स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, विहारात वंदना झाल्यावर कोणी ना कोणी विचारतोच, "लंडनला काय काय पाहिलं?" विचारणाऱ्याला राजाचा वाडा, मोठे घड्याळ, नदीवरचा उघडणारा पूल याबद्दल ऐकायचे असते. ते सर्व आम्ही पाहिले, बाहेरून आणि फुकटात. पण लक्षात राहिले ते दुसरेच. आमच्या आयुष्मती परिचारिका म्हणून तेथील रुग्णालयात कामाला होत्या. २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षे आम्ही बिनपगारी रजा टाकून त्यांच्याबरोबर राहिलो. जाताना मुलगी चार वर्षांची होती. तिचा हात धरून, पोळीभाजीचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून आम्ही उभयता जे हिंडलो, त्याबद्दल लिहावे असे वाटले. आपल्या समाजाच्या पुष्कळ मुली आज नर्सिंग करून परदेशी जात आहेत. त्यांना याचा उपयोग होईल, आणि जे जिल्ह्याबाहेरही जाणार नाहीत त्यांनाही व्हावा.

आमच्या लहानपणी घरात 'सहल' हा शब्द नव्हता. प्रवास मात्र होते. ऊसतोडीला जाणे होते, लग्नाला जाणे होते, मयतीला जाणे होते. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाणे आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणे हे तर घरचे सणच. जालन्याला फलाटावर पटकूर अंथरून झोपलो, भाकरी आणि ठेचा खाल्ला, की आम्हा पोरांना तीच मोठी मौज वाटे. पण निव्वळ हिंडण्यासाठी, लेकराला झाड दाखवायला किंवा गवतात लोळू द्यायला घराबाहेर पडायचे, हे आमच्या आईवडिलांना कधी जमलेच नाही. पैसा नव्हता हे एक कारण, आणि दुसरे पाणी. आमच्या आई सांगतात, त्यांच्या लहानपणी परगावच्या बाजाराला गेले तर कोणी तरी वरून ओतील तेवढेच ओंजळीत घ्यायचे, नाही तर घरी येईपर्यंत घसा कोरडा. मग कोणता बाप लेकरांना घेऊन मजेने बाहेर पडेल?

आमचे व्हिसाचे कागद अडकले होते त्या दिवसांत बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन आम्ही पुन्हा वाचले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने काढले. त्यात पहिलीच हकीकत मुलांच्या प्रवासाची आहे. सन १९०१. सुटीत वडिलांना भेटायला भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचा अशी पोरेच नवे कपडे घालून, आगगाडीत बसून साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर जात कळताच बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली. जवळ खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून भरल्या डब्याशेजारी लेकरे उपाशी निजली. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते. आम्ही ही हकीकत शिबिरांत कितीदा सांगितली असेल. पण आपल्याच लेकीची बाटली भरताना ती आठवली की हात थांबतो.

आता लंडनचे सांगतो. आम्ही बी. कॉम. झालेले, कारकुनी केलेली, त्यामुळे हिशोब लिहिण्याची सवय. एका पगारात घरभाडे जाऊन उरते ते जपून वापरावे लागे. सुटीच्या दिवशीचा खर्च म्हणजे बसचे भाडे. २०२३ साली एका माणसाचे एका वेळचे पावणेदोन पौंड पडत. अकरा वर्षांखालील मुलांना बस फुकट. म्हणजे दोघांचे जाणे-येणे सात पौंड, आपले सातशे रुपयांच्या आसपास. त्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. मोठमोठी सरकारी संग्रहालये फुकट, बागा फुकट. प्राणिसंग्रहालय मात्र महाग. तिघांचे तिकीट काढायचे तर आठवड्याचा किराणा. पण ते रीजंट्स पार्क नावाच्या प्रचंड बागेच्या कडेला आहे आणि बाहेरच्या रस्त्यावरूनही जिराफाची मान दिसते. आमच्या मुलीने जिराफ तसाच पाहिला आणि तिला तो पुरेसा वाटला.

या बागेला लागूनच प्रिमरोज हिल ही टेकडी. टेकडी कसली, आपल्याकडे तिला माळ म्हणतील. पण वरून अर्धे लंडन दिसते आणि उतारावर मऊ गवत आहे. मुलगी वरून खाली गडगडत यायची आणि पुन्हा वर पळायची. पावसाची भुरभुर असली तरी तेथील लोक लेकरांना बाहेर काढतात. त्याचे आधी नवल वाटले, मग आम्हीही तेच करू लागलो.

टेकडीपासून थोडे चालले की १०, किंग हेन्रीज रोड. सन १९२१-२२ मध्ये बाबासाहेब येथे राहिले. बाहेर भिंतीवर गोल निळी पाटी आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. पुढे निवासी भागात संग्रहालय नको म्हणून स्थानिक कौन्सिलशी तंटा झाला. अखेर मार्च २०२० मध्ये तेथील सरकारने परवानगी दिली. आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत. आम्ही उभयतांनी वंदन केले. आमचे डोळे भरून आले होते, आणि मुलगी मात्र खोल्या शोधत हिंडत होती. शेवटी मोठ्याने म्हणाली, "बाबासाहेबांची खेळणी कुठे आहेत?" तेथे आलेले एक पंजाबी आजोबा हसले. ते जय भीमवालेच होते. म्हणाले, त्यांची सगळी खेळणी पुस्तकेच होती. मुलीला ते पटले नाही.

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती याच बागेत आहे. रीजंट्स पार्कच्या मधल्या रुंद रस्त्यावर देवळाच्या शिखरासारखी टोकदार दगडी वास्तू दिसते. ती आहे पाणपोई. १८६९ साली ती मुंबईचे एक धनिक पारशी गृहस्थ सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी लंडनच्या जनतेला दिली. मुंबई विद्यापीठाचा पदवीदान सभागृह ज्यांच्या देणगीतून झाला तेच हे. ब्रिटिश राज्यात पारशांना संरक्षण मिळाले त्याची कृतज्ञता म्हणून ही देणगी, असे तिच्यावर कोरले आहे. दगडात कोरलेला बैलही आहे. मुलीने तो लांबूनच ओळखला. कुंभार पिंपळगाव सोडल्यापासून तिला बैल भेटला नव्हता.

लंडनच्या पाणपोयांचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी शहराचे पाणी घाण होते, पटकीच्या साथी येत, गरिबाला रस्त्यात शुद्ध पाणी मिळत नसे. म्हणून १८५९ साली एक संस्था निघाली आणि तिने होलबर्न भागातील चर्चच्या कुंपणात पहिली सार्वजनिक पाणपोई बांधली. साखळीला बांधलेला पेला, आणि जो येईल त्याने प्यावे. पुढे या संस्थेने गुराढोरांसाठी, घोड्यांसाठीही हौद बांधले. आता आपल्याकडची सनावळी शेजारी ठेवून पाहा. १८६९ साली मुंबईचा पैसा लंडनच्या तहानेला पोचला. मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मंजूर झाला १९२३ साली. तो कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. तेथेही गुरे पाणी पीत होती, अडचण होती ती माणसांची. आणि ज्या समाजाच्या दात्याने परमुलखात पाणपोई बांधली, त्याच समाजाच्या बडोद्यातील धर्मशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकलले. त्यांचेही शिक्षण लंडनलाच चालले होते! आम्ही हे कोणा समाजाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. रेडीमनींचे दान मोठेच आहे. पण दान देणाऱ्याचे पाणी कोठवर पोचते, हे पाहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

त्या दिवशी मुलीने बागेतल्या साध्या नळावर बाटली भरली. मागे एक गोरी मुलगी उभी होती, तिच्यामागे एक आफ्रिकन मुलगा. कोणी कोणाला विचारले नाही. आम्हाला तेव्हाच लेकीला सारे सांगावेसे वाटले. आयुष्मती म्हणाल्या, "अहो, राहू द्या. तिला आधी नुसतं पिऊ द्या." यावर आमचे बसमध्ये बरेच बोलणे झाले. आमचे म्हणणे, आपला इतिहास आपल्या तोंडून कळावा, नाही तर तो दुसऱ्याच्या तोंडून शिवी म्हणून कळतो. त्यांचे म्हणणे, लेकराच्या मनात आधी आपला हक्क पक्का बसावा, मग तो कोणी नाकारला होता हे सांगावे. नाही तर ती आधी भीती शिकेल. दोन्ही खरे. पण क्रम त्यांचाच बरोबर, असे आज आम्हाला वाटते.

लंडनमध्ये सगळे समान आहेत, असे मात्र कोणी समजू नये. मुलांच्या झोपाळ्यापाशी आपल्याच देशाची एखादी बाई गोड बोलत गाव विचारते, मग आडनाव विचारते, मग उत्तर ऐकून थोडी गप्प होते. आम्ही हे दोनदा पाहिले. तेथील २०१० च्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश व्हावा म्हणून आपल्या संघटनांनी पुष्कळ वर्षे झगडा दिला. २०१८ साली तेथील सरकारने तसे करण्यास नकार दिला. विमानात सामानाचे वजन होते, जातीचे होत नाही, म्हणून ती सहज सोबत जाते.

ब्रिटिश म्युझियमला आम्ही चारपाचदा गेलो. तेथील गोल वाचनालयात बाबासाहेब तासन् तास बसत. आता ती पुस्तके सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत. आमच्या मुलीची आवडती जागा काचेपलीकडचे अमरावतीचे शिल्प. आंध्रातील अमरावती स्तूपाचे हे दगड एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेले. त्यातील जुन्या शिल्पांत भगवान बुद्धांची मूर्ती नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष आणि पावले यांतूनच त्यांचे अस्तित्व दाखवले आहे. चक्र कोरलेली ती पावले पाहून मुलगी आपला बूट काढून माप घेऊ लागली, तेव्हा पहारेकऱ्यानेही मान वळवली. वैशाख पौर्णिमेला चिजिकच्या लंडन बुद्ध विहारात गेलो. अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली सुरू केलेला हा विहार. श्रीलंकेच्या बायका पंचशील म्हणू लागल्या आणि आमची लेक त्यांच्याबरोबर खड्या आवाजात म्हणू लागली. चाल वेगळी, शब्द तेच.

परत आल्यावर लोकांना वाटले आता यांचे हिंडणे संपले. उलट आम्ही ठरवले की जे परमुलखात केले ते येथे का नको? डबा, बाटली आणि एस.टी. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट, मुलांना अर्धे तिकीट, म्हणजे घर घेऊन जाणे पूर्वीइतके जड नाही. पहिली सहल दौलताबाद आणि वेरूळ. आमच्या आईंनाही नेले. त्यांचे वय सत्तरच्या पुढे. निळा झेंडा घेऊन नागपूर-मुंबई केलेल्या, पण औरंगाबादजवळचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा हा किल्ला त्यांनी पाहिला नव्हता. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.)

दौलताबादला किल्ल्याच्या आत सावलीत बसून आम्ही मुलीला सांगितले. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांबरोबर येथे सहलीलाच आले होते. तेव्हा हा मुलूख निजामाचा. रस्त्याच्या धुळीने तोंडे माखलेली, म्हणून दाराजवळच्या हौदात त्यांनी हातपाय धुतले. एका म्हाताऱ्याने हौद बाटला म्हणून ओरडा केला, गर्दी जमली, शिव्या झाल्या. अखेर आत जाऊ दिले, पण वर कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर देऊन.

मुलीने सगळे ऐकून घेतले. मग आपल्या बाटलीकडे पाहून म्हणाली, "मग त्यांनी घरून बाटली नाही आणली का?"

आमच्या आई म्हणाल्या, "आणली असती तरी संपल्यावर भरायची कुठं गं बाई?"

मुलगी यावर काही बोलली नाही. तिने बाटली आजीपुढे धरली. आजी प्यायल्या, मग ती प्यायली, आणि मग दोघी चांदमिनार पाहायला पुढे गेल्या. वेरूळला दहाव्या लेण्यात दोघींनी मिळून त्रिशरण म्हटले. दगडी कमानींखाली आवाज घुमला म्हणून मुलीने ते तीनदा म्हणायला लावले.

आता दिवाळीच्या सुटीत भोकरदनला जायचे ठरले आहे. आपल्याच जालना जिल्ह्यातील हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे आहेत. १९७० च्या दशकात येथे उत्खनन झाले, तेव्हा सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी जुळते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथला माल समुद्रापार जात होता आणि येथली माणसे सांचीपर्यंत दान पाठवत होती. वस्तीतील आणखी तीन कुटुंबे यायची म्हणतात. त्यांची लेकरे धरून अकरा पोरे होतील. डबे ज्याचे त्याने आणायचे, आणि पाण्याचा मोठा जार आमच्याकडे लागला आहे.