वीतभर अंतर

मास्तराचे बिऱ्हाड हलवायचे म्हटले की भांड्यांपेक्षा पुस्तकांचेच ओझे अधिक भरते. २०२५ च्या एप्रिलात माझी कल्याणहून नाशिकला बदली झाली आणि ही वार्ता कानी जाताच माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला.

"सर, माझा ट्रक भिवंडीहून माल घेऊन नाशिकलाच निघालाय. पेट्या मागं टाका आणि तुम्ही पुढं बसा. एसी आहे गाडीला!"

शेवटचे वाक्य त्याने अशा थाटात उच्चारले, की माझ्या विषयात जेमतेम पास झाल्याचे सारे उट्टे त्यात फिटून गेले.

ट्रक जुना, दुसऱ्याकडून विकत घेतलेला. एसी मागाहून एका गॅरेजात बसवलेला. पडघा मागे पडले तेव्हा बाहेर ऊन मी मी म्हणत होते आणि केबिनमध्ये मात्र सुखाची झुळूक वाहत होती. मी कौतुकाने म्हणालो, "चैन आहे बुवा तुझी!"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "चैन नाही, सर. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इथंच शहापूरच्या अलीकडं डोळा लागला. इंजिन बुडाखाली, वर पत्रा तापलेला. क्लीनर ओरडला म्हणून वाचलो. पुढं शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. त्याच महिन्यात कर्ज काढलं."

'चैन' हा शब्द मी मुकाट्याने गिळला.

खर्डी गेले, कसारा आला, घाट सुरू झाला. भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढू लागला. वर घाटनदेवीपाशी नेहमीच्या रिवाजाने गाडी थांबली. सारथ्याने किल्ली फिरवली, आम्ही देवीला हात जोडले, चहा घेतला. परत येऊन बसलो तो केबिनमध्ये गरम वाऱ्याचा लोट! इगतपुरी ओलांडेपर्यंत आम्ही पुरते उकडून निघालो.

"उपटून टाका तो एसी," क्लीनर म्हणाला. मालकाचा चेहरा पाहवत नव्हता. कर्जाचे हप्ते अजून चालू होते.

घोटीच्या पुढे रस्त्याकाठी एका मिस्त्रींचे दुकान होते. पिकलेल्या मिश्या, कानाला पेन्सिल. त्यांनी केबिन पुढे कलती करवली, आत डोकावले आणि नळीवरच्या एका तेलकट, धूळ बसलेल्या डागावर बोट ठेवले. "इथनं गेला गॅस. गॅसबरोबर तेल फिरतं, ते बाहेर आलं की धूळ धरतं. आता हिच्या शेजारी कोण बसलंय बघा, मास्तर."

शेजारी टर्बो बसला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर त्याचे चाक मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. त्याच्याच बळावर आम्ही घाट चढलो होतो. पण भार ओढताना त्याचे बिडाचे अंग पाचशे अंशांच्याही वर तापते. एसीची रबरी नळी सोसून सोसून सोसणार सव्वाशे अंशांच्या आसपास. दोघांमध्ये अंतर होते दोन बोटांचे.

"चढावर वाचली ती पंख्याच्या वाऱ्यानं," मिस्त्री सांगू लागले. "नळी गाडी चालताना जळत नाही, मास्तर, उभी राहिल्यावर जळते. तुम्ही इंजिन बंद केलं, वारा थांबला, आणि टर्बोची सगळी धग नळीवर बसली. घाट चढून आलं की दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवावं. टर्बोचं तेलही फिरत राहतं, तोही वाचतो."

म्हणजे आमचा चहाच नळीला भोवला होता!

नवी नळी त्यांनी टर्बोच्या बाजूने नेलीच नाही. इंजिनाला वळसा घालून पलीकडून नेली. जिथे जवळ येणे टळत नव्हते, तिथे वीतभर अंतर राखून मध्ये एक पत्रा उभा केला, तोही टर्बोला न चिकटवता. नळीवर चंदेरी, काचतंतूंचे वेष्टण चढवले. धग उन्हासारखी सरळ रेषेत येते; चकचकीत अंगावरून ती परतते आणि मधली हवा उरलेली अडवते. इंजिन हलते म्हणून नळीला थोडी ढील ठेवली, आणि घासू नये म्हणून रबर लावलेल्या पट्ट्यांनी ती जागोजाग बांधली.

मी शहाणपणा केला, "त्या टर्बोलाच गोधडीत गुंडाळा ना!"

"गुंडाळतात. पण या जुन्या इंजिनाचं तेल पाझरतं. गोधडीत तेल मुरलं तर गाडीच पेटायची."

मग नळ्यांतली हवा पंपाने खेचून काढणे, गॅस तोलून भरणे, असे तीन तास गेले. बाकड्यावर बसल्या बसल्या मला विलिस कॅरियर आठवला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी त्याने वातानुकूलनाची पहिली योजना आखली, कारण दमट हवेने कागद आकसत-फुगत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. म्हणजे ही सोय आधी कागदासाठी झाली, माणसासाठी नव्हे! नाशिकची द्राक्षेसुद्धा थंड पेटीत बसून बंदरावर जातात. ती नेणारा मात्र वर्षानुवर्षे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसला. साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी हवाच, हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना लागू झाला. जुन्या गाड्यांचा वाली मात्र तो मालक, त्याचे कर्ज आणि असा एखादा मिस्त्री.

नाशिकला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. पेट्या उतरवायला क्लीनर मागे गेला, पण सारथी जागेवरच बसून राहिला. इंजिन घुरघुरत होते. शेजारचे गृहस्थ खिडकीतून खेकसले, "अहो, बंद करा की ते!"

नव्या शेजाऱ्यांशी माझा तो पहिलाच संवाद. मी म्हणालो, "दोन मिनिटं थांबा, साहेब. आतली आग निवतेय."