उपवासाला नोबेल मिळालं नव्हतं

आषाढी जवळ आली की तो मेसेज येतोच. "उपवास केला की शरीर स्वतःतला कचरा खातं. हे शोधणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं!" मी कुणाला हसत नाही. कारण काही वर्षांपूर्वी शुद्धलेखन सुधारून हाच मजकूर मी पुरवणीत छापला होता.

त्या एकादशीला आमच्या गल्लीतले एक काका शुगरची गोळी घेऊन निर्जळी राहिले. दुपारी चक्कर येऊन पडले. वाचले, पण भेटायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "तुम्हीच छापलं होतं ना?"

घरी येऊन पुण्यात लॅबमध्ये काम करणाऱ्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, हा फोन छापायच्या आधी करायचास."

तिने सांगितलं ते असं. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, हे खरं. पेशी आपले खराब झालेले भाग पिशवीत भरते, मोडते आणि पुन्हा वापरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. ती कशी चालते हे त्यांनी यीस्टवर शोधलं. यीस्टला उपाशी ठेवलं होतं, हेही खरं. पण माणसाने किती तास उपवास केला की किती साफसफाई होते, यासाठी ते नोबेल नव्हतं.

मग पेशीत साफसफाई चाललीय हे कळतं कसं? एलसी३ नावाचं प्रथिन त्या पिशव्यांच्या आवरणाला चिकटतं. ते शोधायला अँटिबॉडी वापरतात. सशासारख्या प्राण्याला त्या प्रथिनाचा तुकडा टोचायचा, त्याच्या शरीरात तयार झालेली अँटिबॉडी घ्यायची. ती त्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि सांगते, "इथे आहे." थोडक्यात, साक्षीदार.

इथे दोन घोळ आहेत. पहिला आपल्याला लगेच कळेल. चौकात दहा घंटागाड्या भरून उभ्या दिसल्या, तर गावात सफाई जोरात आहे की डेपोचं गेट बंद आहे? दोन्ही असू शकतं. एलसी३ वाढलेलं दिसलं तरी तसंच. म्हणून संशोधक क्लोरोक्विनसारखं औषध देऊन मुद्दाम गेट बंद करतात आणि पिशव्या आणखी साचतात का ते पाहतात. साचल्या, तर आधी गाड्या खरंच रिकाम्या होत होत्या.

दुसरा घोळ, साक्षीदारच खोटा निघणं. २०२३ मध्ये 'ईलाइफ' या नियतकालिकात एक अभ्यास आला. ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या होत्या. त्यातल्या कितीतरी आपलं प्रथिन ओळखतच नव्हत्या. आणि अशा नापास अँटिबॉडीच्या भरवशावर लिहिलेले शोधनिबंध होते प्रत्येक प्रथिनामागे सरासरी १२!

हे पकडलं कसं? ज्या पेशीतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय, ती पेशी घ्यायची. तिथे प्रथिन असूच शकत नाही. तरीही अँटिबॉडी "आहे, आहे" म्हणाली, तर तिची साक्ष बाद.

हे ऐकून मी गप्प बसलो. वीस वर्षं पत्रकारिता केली, डिप्लोमा केला, पण माझ्या साक्षीदाराला मी अशी परीक्षा कधी दिली होती? आता बातमी आली की स्वतःला विचारतो, हे घडलंच नसतं, तरी या माणसाने हेच सांगितलं असतं का? उत्तर "हो" आलं, तर बातमी थांबवतो. दोनचार वेळा दुसऱ्या पेपरने आधी छापलं. चालतं.

उपवास जरूर करा, श्रद्धेने करा. त्याला नोबेलच्या शिक्क्याची गरज नाही. पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. फॉरवर्डला नको, आणि पेपरातल्या कात्रणालाही नको. मी छापलेलं असलं तरी.