४७ जहाजांतलं एक

पुण्याच्या वारज्यात ना बंदर, ना गोदी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बायपासच्या पुलावर माणसं मुठा बघायला थांबतात, तेवढीच आमच्याकडची नौकानयनाची हवा. तरी मला जहाजांच्या कुंडल्या वाचायला फार आवडतं. आजच्या फायबरच्या होडीची कुंडली सोपी असते. अमेरिकेत १९७२ पासून होडीच्या अंगावर १२ अक्षर-अंकांची ओळख असावीच लागते: कोणाच्या कारखान्यातली, कितवी, केव्हाची. जुन्या लाकडी जहाजाला मात्र त्याच्या आराखड्यावरून आणि लाकडावरून ओळखावं लागतं.

'त्रिंकोमाली'चंच बघा. १७८२ मध्ये इंग्रजांनी 'हेबे' हे फ्रेंच फ्रिगेट पकडलं. त्याचा बांधा त्यांना इतका आवडला की त्यावरून त्यांनी 'लेडा' वर्ग काढला आणि त्या घडणीची ४७ जहाजं बांधली. त्यातल्या एकाची, म्हणजे 'त्रिंकोमाली'ची, मागणी १८१२ मध्ये मुंबईकडे आली. आराखडे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज त्याच डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'पुढे हरलं आणि कागद त्याच्याबरोबर गेले. दुसरे आराखडे येऊन काम उभं राहायला १८१६ चा मे उजाडला. जमशेटजी बोमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. कोणत्याही क्रमांकापेक्षा मला ही खूण मोलाची वाटते.

लाकूड मलबारचं सागवान. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाचं तेल त्यांना जपतं. याच घडणीची काही जहाजं इंग्लंडमध्ये युद्धाच्या घाईत पाइनची बांधली गेली, ती फार टिकली नाहीत.

१२ ऑक्टोबर १८१७ ला 'त्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरलं. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, इकडे खडकीची लढाई झाली आणि महिना संपायच्या आत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. लढाईची तारीख आम्हा पुणेकरांना पाठ असते. घाटाखाली त्याच पावसाळ्यात कोणीतरी या जहाजाच्या फळ्या वाकवत होतं, फटी बुजवत होतं, आणि त्या हातांपैकी वाडियांखेरीज कोणाचंही नाव आपल्या तोंडी नाही, याची मला मनापासून खंत वाटते. त्यांनी बांधलेली वस्तू दोनशे वर्षं उभी आहे.

पुढे तर जहाजाचं स्वतःचं नावही गेलं. १८९७ मध्ये ते भंगारात निघालं. जेफ्री व्हीटली कॉब यांनी ते विकत घेतलं आणि नुकत्याच फुटलेल्या आपल्या 'फुद्रोयां' या जहाजाचं नाव त्याला दिलं. अनेक दशकं मुंबईचं सागवान फ्रेंच नावाखाली मुलांना दर्यावर्दीपण शिकवत राहिलं. नाव बघून शोधणारा इथे चुकलाच असता. कण्यापासून वर बघणारा चुकला नसता. मूळ नाव १९९२ मध्ये परत मिळालं.

त्या ४७ पैकी आज दोनच शिल्लक आहेत. १८२४ चं 'युनिकॉर्न' स्कॉटलंडच्या डंडीत आहे; त्यावर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत, छप्पर घालून ते राखून ठेवलं गेलं. 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला डोलकाठ्यांसकट उभं आहे. आपली मुलं-नातवंडं आता त्या देशात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी लंडनचा एखादा दिवस कमी करून तिथे जावं, आणि तोफांच्या मजल्यावर न थांबता खाली उतरून आपलं सागवान बघावं.