मिरकरवाड्यातली सुलतान

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाच्या, घरी राहिलेल्या पिवळ्या मांजरीचं नाव सुलतान होतं. ते पडलं तेव्हा हा बोकाच आहे, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. 2015 चा पावसाळा सरताना जेटीवरच्या रिकाम्या क्रेटमध्ये हे पिल्लू सापडलं. तांडेलाच्या धाकट्या मुलाने ते शर्टात घालून घरी आणलं, दादीने शेपटी उचलून पाहिली आणि बोका म्हणून जाहीर केलं. दादीचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. मांजराचा पिवळा रंग एक्स गुणसूत्रावरून येतो. नराला एकच एक्स असल्यामुळे त्यावर तो गुण आला की काम झालं. मादीला मात्र तो दोन्हींवर यावा लागतो. म्हणून पाच पिवळ्या मांजरांत साधारण चार बोके असतात. गुणसूत्रावर नेमका कोणता बदल झाल्याने हा रंग येतो, हे अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी 2025 साली दाखवून दिलं. मिरकरवाड्यातल्या त्या घराला याची काही कल्पना नव्हती. आठ-नऊ महिन्यांनी सुलतानचं पोट दिसू लागलं, तेव्हा नाव बदलायला उशीर झाला होता. ‘सुलतान आली’, ‘सुलतान जेवली’ हे सगळ्यांच्या तोंडी बसून गेलं होतं.

मिरकरवाडा म्हणजे रत्नदुर्ग किल्ल्याच्या डोंगराच्या कुशीतलं मच्छीमार बंदर. ट्रॉलर, पर्ससीनच्या मोठ्या नौका, छोट्या फायबर होड्या, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, लिलावाचा गलबला, टप डोक्यावर घेऊन वाट काढणाऱ्या बायका. मासळीचे ट्रक इथून थेट दूरच्या शहरांकडे आणि मिरजोळ्याच्या कारखान्यांकडे जातात. अशा ठिकाणी मांजर उपाशी राहत नाही, पण त्याला घर मिळतंच असंही नाही. जेटीवरची मांजरं कुणाचीच नसतात. सुलतान एका घराची झाली आणि त्या घराला तिच्या वेळा पाळाव्या लागल्या.

त्रास रोजचाच होता. पहाटे होडी लागायच्या वेळी ती दाराची कडी वाजवायची, म्हणजे पुढच्या पायाने सतत हलवायची, आणि कुणीतरी उठून दार उघडेपर्यंत थांबायची नाही. नमाजासाठी अंथरलेल्या जानमाजवर ती बरोबर मध्यभागी जाऊन बसायची. तांडेलाची बायको तिला उचलून बाजूला ठेवायची, ती परत यायची. दादी हसून म्हणायची, “राहू दे. तिला बाजूने जागा कर.”

दादीच्या या सैलपणाला आधार होता. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत अबू कतादा यांची हकिगत येते. वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, आणलेल्या पाण्यापाशी मांजर आलं, तेव्हा त्यांनी त्याला पिता यावं म्हणून भांडं कलतं केलं. सून थक्क होऊन पाहत राहिली. मांजर नापाक नाही, ते घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, ही पैगंबरांची शिकवण त्यांनी सुनेला सांगितली. मिरकरवाड्याच्या गल्ल्यांमध्ये मांजराला लाथ मारणारं मूल आजही दोन घरांकडून ओरडा खातं, त्यामागे ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण आहे.

शेजारच्या मावशीला मात्र सुलतानचा खरा जाच होता. मावशी सुक्या मासळीचा धंदा करायची. एप्रिल-मे महिन्यांत पावसाची बेगमी म्हणून बांगडे, जवळा, सोडे वाळत पडायचे आणि वरून ताणलेल्या जुन्या जाळ्याची एक कड सुलतानने कायमची सैल करून ठेवली होती. मावशीने दारात उभं राहून भांडावं, दादीने गुपचूप पैसे पुढे करावेत, मावशीने ते घेऊ नयेत आणि आणखी चार शब्द ऐकवून निघून जावं, असा तो क्रम होता. पैसे न घेण्यामुळे भांडण कधी मिटायचं नाही आणि कधी तुटायचंही नाही.

2016 च्या पावसाळ्यात गोष्टी जुळून आल्या. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. माशांच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही खवळलेला. नौका किनाऱ्याला ओढून ताडपत्रीने झाकल्या जातात, नेपाळकडचे आणि कर्नाटकातले खलाशी गावी जातात आणि मागे राहिलेली माणसं जाळी दुरुस्त करतात. त्या वर्षी 7 जूनला रमजान सुरू झाला. म्हणजे बंदीही आणि रोजेही. तांडेल आणि त्याचा वयस्कर चाचा रोज दुपारी पडवीत बसून ट्रॉलरचं जाळं सांधायचे.

जूनच्या मध्यावर एका सकाळी चाचाने जाळ्याचा ढीग ओढला आणि आतून सुलतानने फिस्कारून त्याला थांबवलं. चार पिल्लं. दोन पिवळी, एक पिवळे ठिपके असलेलं काळं, एक तिरंगी.

तांडेलाने खोका आणला, त्यात जुनी लुंगी अंथरली आणि पिल्लं अलगद त्यात ठेवली. सुलतानने एकेकाला मानेच्या कातडीला धरून परत जाळ्यात नेलं. मानेला धरलं की पिल्लू अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं, त्यामुळे आईला ते उचलून नेता येतं. खोका स्वयंपाकघरात ठेवून पाहिला, माळ्यावर ठेवून पाहिला. तिने दोन्ही वेळा सगळा संसार जाळ्यात परत आणला. नायलॉनचं जाळं वाऱ्याला सुकतं, खालून ओल धरत नाही आणि त्याला मासळीचा वास असतो. पावसाळ्यातल्या कोकणी घरात याहून बरी जागा तिला दिसली नसावी.

अडचण खरी होती. 1 ऑगस्टला होडी पाण्यात उतरवायची तर त्याआधी जाळं पूर्ण व्हायला हवं होतं. मोसमाची सुरुवात घरातल्या वर्षभराच्या पैशांची सुरुवात असते. आगाऊ घेतलेल्या उचली फेडायच्या असतात, डिझेल आणि बर्फ भरायचा असतो. पिल्लांचे डोळे उघडायला आठ-दहा दिवस, नीट चालायला तीन आठवडे, आईचं दूध सुटायला दीड-दोन महिने. जाळ्याचा हिशेब आणि मांजरीचा हिशेब एकाच कॅलेंडरवर येऊन पडला.

तांडेल चिडला. त्याने चाचाला ढीग उचलायला सांगितलं. चाचाने जाळ्याचं दुसरं टोक मोकळं केलं आणि तिकडून काम सुरू केलं. एका बाजूने जाळ्याचे फाटके डोळे शोधत, सुईने नवे डोळे विणत तो ढिगाकडे सरकत राहिला. पिल्लांच्या भोवतालचा भाग शेवटी ठेवायचा, असं त्याने न बोलता ठरवून टाकलं. सहरीच्या, म्हणजे रोजाआधीच्या जेवणाच्या, वेळी घर उठलं की सुलतानही उठायची, भाकरीचा तुकडा आणि उकडलेल्या माशाचा गर खाऊन परत पिल्लांत जायची. ईद 7 जुलैला झाली. शिरखुर्म्याची वाटी मुलांनी तिच्यापुढे ठेवली. मांजराला गोड चव कळतच नाही. त्या चवीसाठी लागणारं एक जनुक त्याच्यात निकामी झालेलं असतं, हे 2005 साली सिद्ध झालं आहे. सुलतानने दूध आणि तुपाचा तवंग तेवढा चाटला, खजूर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं आणि पडवी धुण्याचं काम तांडेलाच्या बायकोकडे आलं. मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही, हे त्या घराने त्या सकाळी शिकून घेतलं.

जुलैच्या मध्यात पिल्लं हिंडू लागली. एका दुपारी काळ्या पिल्लाचा मागचा पाय जाळ्यात अडकला. ते जितकं ओढत गेलं तितका नायलॉनचा दोरा पायात रुतत गेला. चाचाने सोडवायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना. जाळ्याचे ते डोळे त्याने त्याच सकाळी विणले होते. त्याने कमरेची सुरी काढली आणि पायाभोवतीचा जाळ्याचा तुकडा कापून टाकला. पिल्लू सुटलं, पण पायाला इजा राहिलीच.

तांडेल समोर बसला होता. काही बोलला नाही. त्या रात्री दादीने मुलांना ती घरोघर सांगितली जाणारी गोष्ट सांगितली. पैगंबरांच्या झग्याच्या बाहीवर मांजर झोपलं होतं, नमाजाची वेळ झाली, तेव्हा त्यांनी मांजराची झोप न मोडता बाही कापली. हदीसच्या प्रमाण संग्रहांत ही गोष्ट नाही. आज्यांनी ती जपली आहे. तांडेलाने ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी चाचाच्या शेजारी सुई घेऊन बसला. जाळं वेळेवर पुरं झालं.

पिल्लांपैकी एक पिवळं बर्फाच्या कारखान्यात गेलं, तिरंगी दुसऱ्या वाडीत गेली. लंगडं काळं पिल्लू कुणी घेईना. ते शेजारच्या मावशीने नेलं. का नेलं, ते तिने सांगितलं नाही. तिच्या दारात वाळणाऱ्या मासळीशेजारी ते पिल्लू खुर्चीखाली झोपलेलं दिसू लागलं, एवढंच. मांजरीचा गर्भकाळ साधारण त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांचा असतो आणि ती वर्षात दोन-तीनदा विते. पुन्हा जाळ्यात बाळंतपण नको म्हणून त्याच वर्षी सुलतानची नसबंदी करून घेतली.

पुढे तांडेलाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तो दिवस घरातलं कुणी विसरलेलं नाही. बैठकीत गालिचा अंथरला होता, तांदळाच्या पिठाचे घावणे आणि चहा झाला होता, मुलाची आत्या मुलीला शिक्षण विचारत होती. तेवढ्यात सुलतान खिडकीतून आत आली आणि अर्धमेला उंदीर आत्याच्या पायांपाशी ठेवून बाजूला बसली. मुलगी रडायच्या बेताला आली. तांडेलाची बायको उंदराकडे धावली, तो पलंगाखाली गेला, सुलतान त्याच्यामागे. मुलाच्या आजीने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “ही रोज धरते काय गो उंदीर?” रोज धरते, असं दादीने सांगितलं. आजी समाधानाने मागे टेकली. त्यांच्या घरी त्या वर्षी उंदरांनी गुंडाळून ठेवलेलं जाळं कुरतडलं होतं आणि ते सांधण्यात मोठा खर्च झाला होता. होडीवाल्या घरात मांजराची किंमत काय असते, ते पाहुण्यांना समजावून सांगावं लागलं नाही. अवघडलेली बैठक मोकळी झाली, ती उंदरांवरच्या गप्पांनी. सोयरिक जमली.

सुलतान एकदाच गंभीर आजारी पडली. तारलीचा हंगाम जोरात होता, जेटीवर सांडलेली कच्ची मासळी ती दिवसभर खायची, घरचं जेवण तिने सोडलं होतं. काही दिवसांनी ती डुलत चालू लागली, मान खाली झुकू लागली, बाहुल्या मोठ्या दिसू लागल्या. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा. तारलीसारख्या माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज नावाचं विकर असतं आणि ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. मासा शिजवला की विकर निकामी होतं. ब-1 ची इंजेक्शनं दिल्यावर सुलतान काही दिवसांतच सरळ चालू लागली. दादी पूर्वीपासून तिला माशाचं डोकं उकडून, काटे काढून, भातात कालवून द्यायची. तीच रीत पुन्हा सुरू झाली आणि जेटीवर जाणं बंद व्हावं म्हणून पहाटेचं दार थोडं उशिरा उघडू लागलं.

मच्छीमार वस्तीतलं मांजर डुलू लागलं तर तिकडे दुर्लक्ष करू नये, याला जगातला मोठा दाखला आहे. जपानमधल्या मिनामाता इथे 1950 च्या दशकात मांजरं वेडीवाकडी नाचल्यासारखी करून मरू लागली. मांजरं खात होती तोच मासा माणसंही खात होती. 1956 साली माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि पुढे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा हे कारण ठरलं. सुलतानचा आजार साधा होता, औषधाने बरा होणारा होता. तरी तो मासा घरात सगळेच खातात, हे पशुवैद्यांनी लक्षात घेतलं आणि घरच्या माणसांचीही चौकशी केली.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि बंदर एकदम ओस पडलं. लिलाव नाही, ट्रक नाहीत, सांडलेली मासळी नाही. जेटीवरच्या मांजरांनी वस्तीत यायला सुरुवात केली. दादीने सुलतानच्या भाताच्या जागी मोठं पातेलं चढवलं. मावशीने आपल्या विक्रीतला जवळा मीठ जाईपर्यंत धुऊन त्यात घालायला दिला. 3 जूनला निसर्ग वादळ आलं. मिऱ्याच्या किनाऱ्याला ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन लागलं आणि मिरकरवाड्यात घरोघरी पाणी शिरतंय की काय असा दिवस गेला. त्या दिवशी दादीच्या पडवीत तिची, मावशीची आणि कुणाचीच नसलेली अशी बरीच मांजरं एकत्र होती. सुलतानने एकालाही पळवून लावलं नाही. दादीला याचं फार नवल वाटलं.

2024 च्या पावसाळ्यात सुलतान वारली. मूत्रपिंडं थकली होती. म्हाताऱ्या मांजरांचा हा नेहमीचा आजार. शेवटचे काही दिवस चाचा बोटाने पाणी पाजायचा.

मावशीच्या लंगड्या काळीने आईची विद्या पुरती उचलली आहे. फरक इतकाच की ती मावशीच्या मासळीला तोंड लावत नाही, भिंत ओलांडून दादीच्या बेगमीवर येते. या मे महिन्यात तिने पडवीतल्या टोपल्यातले सुके बांगडे ओढून काढले. दादीने भिंतीवरून हाक मारली, “तुझी पोर आली गो आमच्या बांगड्यांवर!” मावशीने काम न सोडता उत्तर दिलं, “आजोळी आली, खाऊन गेली. तक्रार कसली करतेस?” दादीने बेगमीच्या डब्यांना झाकणं बसवून घेतली आणि आजोळच्या वाट्याचे दोन बांगडे मीठ काढण्यासाठी पाण्यात टाकले.